जेकब रीस याचीं छायाचित्रें व त्यांचें प्रामाण्य

१. विषयप्रवेश

आमच्या संशोधकवर्गांत छायाचित्रासंबंधीं दोन समजुती रूढ आहेत. कॅमेरा हें निर्जीव यंत्र असल्यानें तें खोटें बोलत नाहीं, सबब छायाचित्राची चिकित्सा करण्याचें कारण नाहीं, ही एक. छायाचित्र ही हौसेची वस्तु आहे, दप्तर नव्हे, सबब त्याचा संग्रह करण्याचें कारण नाहीं, ही दुसरी. दोन्ही समजुती परस्परविरुद्ध दिसल्या तरी त्यांचें फळ एकच होतें. जुन्या कागदास आपण जी कसोटी लावतों ती छायाचित्रास कोणी लावीत नाहीं.

ही कसोटी लावणें कसें शक्य आहे व तीतून काय निष्पन्न होतें, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत न्यूयॉर्क येथील बातमीदार जेकब रीस (इ. स. १८४९–१९१४) याच्या कामगिरीची हकीकत आम्ही देत आहों. रीसचा महाराष्ट्राशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि त्याच्या चित्रांसंबंधीं कर्ता कोण, मूळ प्रत कोणती, प्रक्षेप कोणता, असे जे प्रश्न उपस्थित झाले, ते पोथ्या व कागद हाताळणाऱ्या वाचकांस परके वाटणार नाहींत.

२. पूर्ववृत्त

रीसचा जन्म ३ मे १८४९ रोजीं डेन्मार्क देशांतील रिबे या जुन्या गांवीं झाला. बाप शाळामास्तर होता. मुलगा मात्र कोपनहेगन येथें सुतारकी शिकला आणि इ. स. १८७० मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, अमेरिकेस गेला. तेथें पहिलीं कांहीं वर्षें त्यानें अत्यंत हलाखींत काढलीं. मिळेल तें काम करावें, न मिळाल्यास उपाशी निजावें, असा क्रम होता. त्या काळीं न्यूयॉर्कच्या पोलिसचौक्यांत बेघर माणसांस रात्रींपुरता फुकट निवारा मिळे. अशाच एका चौकींत त्याच्या गळ्यांतील सोन्याची चीज चोरीस गेली. तक्रार केली तेव्हां त्यालाच बाहेर हाकलण्यांत आलें, आणि दारांत त्याची वाट पाहत बसलेलें कुत्रें त्याच्यासाठीं गुरगुरलें म्हणून शिपायानें तें पायरीवर आपटून मारिलें. ही हकीकत रीसनें इ. स. १९०१ च्या आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. तिचें स्मरण पुढें ठेवावें, कारण याच निवाऱ्यांचा प्रश्न त्याच्या चरित्रांत पुन्हा येतो.

इ. स. १८७३ मध्यें तो बातमीदारीच्या धंद्यांत शिरला व इ. स. १८७७ मध्यें 'ट्रिब्यून' पत्राचा पोलिसखात्याकडील बातमीदार झाला. मलबेरी रस्त्यावर पोलिसांच्या मुख्य कचेरीसमोर त्याची कचेरी होती. खून, आगी, सांथी यांच्या बातम्या गोळा करीत तो रात्रींबेरात्रीं त्या भागांतील चाळींतून हिंडे. एका खोलींत दहादहा बाराबारा माणसें, खिडकी नाहीं, उजेड नाहीं, मुलांचे मृत्यु बेसुमार, ही स्थिति तो वर्षानुवर्षें लिहीत होता. वाचक वाचीत आणि विसरून जात. शब्दांनीं काम होत नाहीं, हा अनुभव त्यास आला तो येथें.

३. उजेडाची भुकटी

इ. स. १८८७ मध्यें रीसच्या वाचनांत आलें कीं, जर्मनींत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणमात्र लख्ख उजेड पाडण्याची व त्या उजेडांत छायाचित्र घेण्याची युक्ति निघाली आहे. तोंपर्यंत ज्या खोल्यांत दिवसाही अंधार असे त्यांचें चित्र घेणें अशक्य होतें. म्हणजे त्याच्या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होता. त्यानें आपला स्नेही जॉन नेगल यास गांठलें. नेगल हा आरोग्यखात्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारा अधिकारी असून हौसेनें छायाचित्रें काढी. त्यानें हेन्री पिफर्ड व रिचर्ड हो लॉरेन्स असे आणखी दोघे हौशी जोडून दिले. ही मंडळी रात्रीं गल्लीबोळांतून निघे.

आरंभीं भुकटी पिस्तुलासारख्या साधनांतून पेटवीत. काळोखांत पिस्तूल रोखून अनोळखी माणसें घरांत शिरलेलीं पाहून रहिवासी खिडक्यांतून पळ काढूं लागले, तेव्हां रीसनें पिस्तूल टाकून स्वयंपाकाचा तवा घेतला व त्यावर भुकटी पेटवूं लागला. या उद्योगांत त्यानें दोनदां घरास आग लावली आणि एकदां स्वतःस. एकदां तो एका चाळीच्या माळ्यावरील खोलींत आंधळ्या भिकाऱ्यांचें चित्र घेत असतां भिंतीवरील चिंध्या व कागद पेटले. ज्यांस दिसत नाहीं अशीं माणसें खोलींत, जिने अंधारे व मोडके, अशा स्थितींत त्यानें ती आग एकट्यानें विझविली. मागाहून त्यानें ही गोष्ट पोलिसास सांगितली तेव्हां तो हंसला व म्हणाला कीं, त्या घरास मागल्या हिंवाळ्यांतच सहा वेळां आग लागली होती, पण भिंतींवर मळ इतका दाट आहे कीं तें जळत नाहीं. ही हकीकत रीसच्याच पुस्तकांत आहे.

हौशी मंडळी लवकरच कंटाळली. धंदेवाईक छायाचित्रकार लावून पाहिले, त्यांच्याशीं जमलें नाहीं. तेव्हां जानेवारी १८८८ मध्यें रीसनें २५ डॉलर खर्चून स्वतःचा कॅमेरा घेतला. आपण छायाचित्रकार म्हणून अगदींच सामान्य आहों, कामापुरतेंच तें साधन वापरलें, असें त्यानें आत्मचरित्रांत कबूल केलें आहे.

४. एका चित्राच्या अनेक प्रती

१२ फेब्रुवारी १८८८ रोजीं 'न्यूयॉर्क सन' पत्रांत या कामाचा पहिला लेख आला. त्यांत १२ चित्रें होतीं, परंतु एकही छायाचित्र नव्हतें. वृत्तपत्राच्या यंत्रावर छायाचित्र जसेंच्या तसें छापण्याची सोय त्या वेळीं सर्रास नव्हती. कारागीर छायाचित्र समोर ठेवून हातानें रेखाचित्र काढी व त्याचा ठसा छापला जाई. इ. स. १८८९ च्या डिसेंबरांत 'स्क्रिब्नर्स' मासिकांत रीसचा मोठा लेख आला. इ. स. १८९० मध्यें 'हाऊ दि अदर हाफ लिव्हज्' म्हणजे 'दुसरा अर्धा वर्ग कसा राहतो' हें पुस्तक निघालें. त्यांत १७ छायाचित्रें हाफटोन ठशांनीं छापलेलीं असून बाकीचीं पुन्हा हातानें काढलेलीं आहेत. यांखेरीज तो कंदिलाच्या साहाय्यानें पडद्यावर चित्रें दाखवून ठिकठिकाणीं व्याख्यानें देत असे.

एकाच प्रसंगाच्या येणेंप्रमाणें चार प्रती संभवतात: कांचेवरील मूळ, कंदिलाची पाटी, हाफटोन ठसा, व रेखाचित्र. यांत रेखाचित्राची पायरी आमच्या लेखकूच्या नकलेसारखी आहे. नकलाकार जसा अडलेलें अक्षर आपल्या समजुतीनें पुरें करतो, तसा रेखाटणारा कारागीर अंधारांतील वस्तु स्पष्ट करतो, चेहरा नीट करतो व पसारा आवरतो. म्हणून रीसच्या काळच्या वाचकानें जें पाहिलें तें बहुतांशीं मूळ नव्हे, मुळाची नक्कल होय. जुन्या छापील ग्रंथांतील चित्रांवरून पोशाख, इमारती अगर शस्त्रें यांविषयीं विधानें करणाऱ्या लेखकांनीं हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

५. कामाचा परिणाम

रीसच्या चित्रांनीं काय घडलें हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण परिणाम मोठा झाला म्हणूनच आक्षेपांसही वजन आलें.

इ. स. १८९१ च्या उन्हाळ्यांत त्यास आरोग्यखात्याच्या एका नोंदींत पाण्यांतील दोषाचा उल्लेख आढळला. तो कॅमेरा घेऊन क्रोटन नदीच्या खोऱ्यांत गेला. शहरास पिण्याचें पाणी तेथून येई. गांवांची घाण उघडपणें ओढ्यांत पडत होती, तिचीं चित्रें त्यानें घेतलीं. पटकीचा जंतु वाहत्या पाण्यांत किती दिवस तग धरतो याचीही त्यानें जाणत्यांकडे चौकशी केली. २१ ऑगस्ट १८९१ रोजीं 'इव्हिनिंग सन' पत्रांत चित्रांसह ही हकीकत प्रसिद्ध झाली. पुढें शहरानें मोठी रक्कम खर्चून त्या ओढ्यांच्या कांठची जमीन विकत घेतली. शोधक बातमीदारीचा हा निर्भेळ नमुना आहे.

थिओडोर रूझवेल्ट रीसचें पुस्तक वाचून स्वतः होऊन त्याच्या भेटीस आला. इ. स. १८९५ मध्यें तो न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर रीसनें त्यास रात्रीं हिंडवून चौक्या दाखविल्या. इ. स. १८९६ मध्यें पोलिसचौक्यांतील ते निवारे बंद झाले. ज्या दारांत कुत्रें मारलें गेलें त्या दाराचा हिशेब पंचवीस वर्षांनीं असा पुरा झाला. मलबेरी बेंड ही कुप्रसिद्ध वस्ती पाडून तेथें इ. स. १८९७ मध्यें बाग उघडण्यांत आली. त्या समारंभास रीसला आमंत्रण नव्हतें. तो आपण होऊन गर्दींत जाऊन उभा राहिला, आणि कर्नल वेअरिंग यांनीं भाषणांत त्याचें नांव घेऊन लोकांकडून जयघोष करविला.

६. आक्षेप व त्यांचा विचार

(अ) चित्रें रचलेलीं आहेत. हा आक्षेप कांहीं चित्रांपुरता खरा आहे. मलबेरी रस्त्यावरील एका अंगणांत शिडीवर बसलेला एक भणंग रीसला दिसला. चित्र काढूं देण्याबद्दल त्यानें दहा सेंट देऊं केले. भणंगानें ते पतकरले, पण तोंडांतील चिलीम काढून खिशांत घातली, व चिलिमीसह चित्र हवें असेल तर पंचवीस सेंट पडतील असा हट्ट धरला. रीसनें ते दिले. आतां हें चित्र रचलेलें खरें, परंतु तें आम्हांस कळतें कशावरून? रीसनें स्वतः पुस्तकांत लिहिलें आहे म्हणून. अशा कबुलीनें साक्षीदाराची विश्वसनीयता कमी होत नाहीं, वाढते.

रस्त्यावरील अनाथ मुलें एका कोनाड्यांत एकमेकांस चिकटून निजलीं आहेत, हें त्याचें चित्र जगप्रसिद्ध आहे. मुलें झोपेचें सोंग करीत आहेत हें लक्षपूर्वक पाहणाऱ्यास उमगतें. येथें दोन विधानें वेगळीं केलीं पाहिजेत. अशीं मुलें अशा ठिकाणीं निजत, हें पहिलें विधान इतर पुराव्यानें सिद्ध आहे. अमक्या क्षणीं हीं मुलें निजलीं होतीं, हें दुसरें विधान या चित्रावरून सिद्ध होत नाहीं. मथळा मात्र दोन्ही विधानें एकदमच वाचकाच्या गळीं उतरवितो.

(आ) माणसांच्या संमतीवांचून चित्रें घेतलीं. बेयार्ड रस्त्यावरील चाळींत पांच सेंटांस एक जागा याप्रमाणें भाड्यानें निजलेल्या लोकांचें चित्र याचें उदाहरण होय. तेरा फूटही लांबरुंद नसलेल्या त्या खोलींत मध्यरात्रीं बारा माणसें होतीं. आरोग्यखात्याच्या पोलिसांबरोबर रीस आंत शिरला व भुकटी पेटली. झोपेंतून दचकलेले ते चेहरे आजही पाहवत नाहींत. त्या माणसांचीं नांवें कोणीं विचारलीं नाहींत.

येथें एक विलक्षण पेंच आहे. संमतीनें घेतलेलें चित्र म्हणजे भणंगाचें; तें रचलेलें, म्हणून पुरावा या नात्यानें कच्चें. न रचलेलें चित्र म्हणजे या निजलेल्यांचें. पुरावा या नात्यानें पक्कें, परंतु घेण्याची रीत अन्यायाची. रीसच्या एकंदर कामावरील वाद या पेंचांतून निघतो, आणि तो आमच्या मतें सुटणारा नाहीं. संशोधकानें प्रत्येक चित्र कोणत्या रकान्यांत पडतें हें नमूद करावें, एवढेंच त्याच्या हातीं आहे.

(इ) चित्रांचा कर्ता रीस नव्हे. मलबेरी रस्त्यावरील ५९½ क्रमांकाच्या घराजवळील 'डाकूंचा अड्डा' या नांवाचें चित्र इ. स. १८८८ मधील असून रीसच्या नांवावर सर्वत्र छापलें गेलें. तें लॉरेन्स व पिफर्ड यांच्या कामांपैकीं आहे असें आतां धरलें जातें. आमच्याकडे एका थोर नांवावर जसे परक्यांचे श्लोक व अभंग जमा होतात तसाच हा प्रकार आहे. तथापि जागा कोणती, वेळ कोणती, काय दाखवावयाचें, हें ठरविणारा रीसच होता. म्हणून कर्तृत्व व संकल्प हीं दोन वेगळ्या रकान्यांत लिहावींत.

(ई) लेखक पूर्वग्रहदूषित आहे. हा सर्वांत जड आक्षेप होय. रीसच्या पुस्तकांत इटालियन, ज्यू, चिनी अशी लोकांची वांटणी असून त्या त्या लोकांच्या स्वभावाविषयीं ठाम व अनेकदां अपमानकारक विधानें आहेत. चिनी लोकांविषयीं तर तो विशेष अनुदार आहे. स्वतः परदेशांतून उपाशी आलेल्या माणसाच्या लेखणींतून हें उतरावें याचा खेद वाटतो. परंतु मूळ व टीका यांचा भेद करण्याची संवय ज्यांस आहे त्यांस येथें मार्ग सांपडतो. चित्र हें मूळ, मथळा व मजकूर ही टीका. टीकाकाराचें मत पटलें नाहीं म्हणून मूळ ग्रंथ कोणी बुडवीत नाहीं, आणि मूळ अस्सल आहे म्हणून टीकाकाराचें मत कोणी शिरसावंद्य मानीत नाहीं. मात्र कोणतें चित्र घ्यावें व कोणतें घेऊं नये, ही निवडही एक प्रकारें टीकाच असते, हें विसरूं नये.

७. मूळ प्रतींचा शोध

२६ मे १९१४ रोजीं रीस वारला. सुधारक व लेखक म्हणून त्याचें नांव राहिलें. छायाचित्रांची आठवण पुसट झाली. रेखाचित्रें व धूसर हाफटोन ठसे एवढेंच लोकांसमोर होतें. पुढें अलेक्झांडर अॅलंड या छायाचित्रकारास प्रश्न पडला कीं, या नकलांचें मूळ कोठें आहे? त्यानें रीसच्या मुलाशीं पत्रव्यवहार करून पिच्छा पुरविला. अखेर इ. स. १९४६ मध्यें, रीसच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनीं, रिचमंड हिल येथील कुटुंबाच्या जुन्या घराच्या माळ्यावर कांचेच्या पाट्या सांपडल्या. चारशेंवर निगेटिव्ह, शिवाय कंदिलाच्या पाट्या व जुने छाप, असा तो ठेवा न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयास मिळाला. इ. स. १९४७ मध्यें अॅलंडनें त्यांतील पन्नास चित्रें छापून प्रदर्शन भरविलें, व रीस हा मोठा छायाचित्रकार म्हणून नव्यानें प्रसिद्धीस आला.

येथेंही चिकित्सेस जागा आहे. अॅलंडनें मुळावरून मोठ्या आकाराच्या सुबक प्रती केल्या व त्या करतांना कांहीं चित्रांच्या कडा छाटल्या. रीसच्या ओबडधोबड चित्रांस जी कलापूर्ण ठेवण आली ती कांहीं अंशीं संपादकाची आहे. पुढें मूळ पाट्यांवरून न छाटतां नव्या प्रती करण्यांत आल्या, तेव्हां कोठें कडेच्या वस्तु पुन्हा दिसूं लागल्या. छापील पोथीवर न विसंबतां हस्तलिखित पाहावें, हा आमचा जुना नियम येथेंही लागू पडतो.

८. निष्कर्ष

आमच्या शास्त्रकारांनीं प्रमाणें वेगळालीं सांगितलीं आहेत. छायाचित्रास आपण सहजच प्रत्यक्षांत ढकलतों. परंतु प्रत्यक्ष तें पाहणाऱ्याचें. त्या खोलींत रीस होता, आम्ही नव्हतों. आमच्यापर्यंत पोंचतें तें त्याचें सांगणें, म्हणजे शब्दप्रमाण. आणि शब्दाचें प्रामाण्य सांगणारा आप्त आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतें. म्हणून कोणी पाहिलें, कोणासाठीं पाहिलें, कशावर लिहिलें, कितवी नक्कल, हें जसें आपण कागदास विचारतों तसें छायाचित्रास विचारावें. या तपासांत रीसचीं कांहीं चित्रें पडतात, कांहीं अर्धवट टिकतात, व कांहीं पूर्वीपेक्षां भक्कम ठरतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संपादकांनीं जे श्लोक मूळ संहितेंत घेतले नाहींत तेही फेंकून दिले नाहींत, टिपांत व परिशिष्टांत जपून ठेविले. संशयित छायाचित्रासही तोच न्याय असावा.

जातां जातां स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वी एका जुन्या घरीं आम्ही मोडी कागद पाहावयास गेलों होतों. रुमालांबरोबर एक लांकडी पेटी निघाली. तींत कांचेच्या काळसर पाट्या होत्या. घरधनी म्हणाले, "गुरुजी, आजोबांना फोटोचा नाद होता. यांचें काय करावें?" आम्हांस कागद हवेत, असें उत्तर आम्हीं दिलें व रुमाल सोडावयास बसलों. दोन वर्षांनीं पुन्हा जाण्याचा योग आला. मधल्या काळांत त्या पाट्या ऊन पाण्यांत धुऊन स्वच्छ करण्यांत आल्या होत्या व देवांच्या तसबिरींस त्यांच्या कांचा बसविल्या होत्या. पेटी धान्य मापण्याच्या सामानासाठीं वापरांत होती. तिच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस आजोबांच्या हातची मोडी ओळ होती: 'महापुराचे वेळचीं.' त्या पाट्यांवर कोणतें गांव, कोणतीं माणसें, कोणतें पाणी होतें, हें सांगणारें त्या घरांत कोणी उरलें नव्हतें, आणि आम्हीं तर तें पाहिलेंच नव्हतें.

सबब संग्राहक वाचकांस विनंती कीं, ज्या घरीं कागद पाहावयास जाल तेथें कांचेच्या पाट्या आहेत काय हें अवश्य विचारावें. आढळल्यास पुसूं नयेत, धुऊं नयेत. काळी बाजू बोटांनीं न धरतां कडांनीं धरावें. प्रत्येकीस वेगळा कागद गुंडाळावा. पेटीवर, पाकिटावर वा कडेवर जें अक्षर असेल तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि घरांतील वृद्ध मंडळी हयात आहेत तोंवर चित्रांतील माणसांचीं नांवें विचारून ठेवावींत. रीसनें बेयार्ड रस्त्यावर नांवें विचारलीं नाहींत. तीं आतां कोणासही मिळणें नाहीं.